मंगळवारी शिवणारा कावळा

आषाढ लागला की आमच्या आळीतल्या हवेला रंगाचा वास येऊ लागतो. बाकी गावांत पावसाळ्यात नुसत्या ओल्या मातीचा वास येतो. पेणमध्ये माती आणि रंग असा जोडीने येतो. पडव्यापडव्यांतून गणपती वाळत ठेवलेले असतात आणि त्यांना अजून डोळे नसतात. बाहेरगावचा पाहुणा ते बघून चमकतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आमच्याकडे देव आधी आंधळे असतात, मग एकेक करून बघायला लागतात.

यंदा असाच वास सुटला होता तेव्हा भावाकडे जेवायला गेले होते. भाची एकोणीस वर्षांची, पनवेलला कॉलेजात जाते. पाटावर बसता बसता तिने जाहीर केलं, "आत्या, मला पीसीओडी निघालाय. भात अर्धाच वाढ."

समोर तिचा बाप बसलेला. म्हणजे माझा धाकटा भाऊ, ज्याने आमच्या लहानपणी 'ताई आज बाजूला का बसली' म्हणून विचारल्यावर आईची चापट खाल्ली होती. आता डोळे वटारणार किंवा ताट घेऊन ओसरीवर जाणार, असं मला वाटलं. तो म्हणाला, "मग काकडीची कोशिंबीर घे जास्त," आणि पुढचा घास घेतला.

मी डाव हातात धरून तशीच उभी राहिले. मग हसले, आणि कोशिंबीर आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले. रडण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. विशीतली मी आठवले, एवढंच. त्या पोरीच्या फोनला तिची तारीख ठाऊक असते आणि चुकली तर तो फोनच तिला विचारतो. माझी तारीख माझ्या आईलाही ठाऊक नव्हती, कारण मी ती बनवून सांगत होते.

सांगते. आता सांगायला लाज नाही वाटत. वाटायची तेवढी वाटून झाली.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. रोह्याच्या पुढे कोकणात गाडी जायला लागून फार दिवस झाले नव्हते. बारावी झाल्यावर मी बाहेरून बी.ए. करत होते आणि हात बरा म्हणून आमच्या आळीतल्या नानांच्या कारखान्यात आखणीला जात होते. कारखाना म्हणायचा, पण लांबलचक कौलारू घर होतं ते. पुढच्या खोलीत उजेडाला आम्ही चार मुली मांडी घालून बसायचो आणि गणपतीचे डोळे आखायचो. डोळा हा एका श्वासात आखायचा असतो. श्वास मध्येच सोडला की देव तिरळा.

नानांचा एक नियम होता. डोळे आखेपर्यंत ती माती, डोळे आखले की देव. त्यामुळे ज्या बाईची पाळी असेल तिने पुढच्या खोलीत यायचं नाही, मागल्या पडवीत बसायचं आणि कच्च्या मूर्ती ओल्या फडक्याने पुसून, घासून साफ करायच्या. मातीला विटाळ नाही. कामही बुडत नाही आणि देवही बाटत नाही. नानांना वाटायचं, यात त्यांनी फार मोठा तोडगा काढलाय. आज मला त्यावर बोलायचं तर बरंच बोलता येईल. पण खरं सांगायचं तर मागली पडवी आम्हा सगळ्यांना आवडायची. तिथे वारा होता, पत्र्यावर पाऊस वाजायचा, आणि पुढे नाना बसलेले असताना जे बोलता येत नसे ते सगळं मागे बोलता यायचं. पोहे, चहा, खारी, पापडाच्या लाट्या, आणि कुणाची सासू कशी.

यात अडचण एकच होती. कोण कधी मागे गेलं हे सगळ्या कारखान्याला दिसायचं. आणि कोण गेलंच नाही, हेही.

माझी पाळी सोळाव्या वर्षापर्यंत बरी होती. मग दोन महिन्यांनी, मग तीन महिन्यांनी यायला लागली, आणि विसाव्या वर्षी सहा महिने झाले तरी पत्ता नाही. वजन वाढत होतं. हनुवटीखाली राठ केस यायला लागले होते; मी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून घ्यायचे आणि भर उन्हाळ्यात घसा दुखतोय म्हणून सांगायचे. मानेवर काळपट पट्टा उमटला होता. आई आंघोळीच्या वेळी दाराबाहेरून ओरडायची, "मान घास गो नीट, माती बसलीय कारखान्याची." मी घासघास घासायचे. साल निघायची, पट्टा निघायचा नाही.

यावर मी काय केलं असेल? कुणाला सांगितलं? छे. मी शहाण्यासारखा हिशोब केला. शाळेच्या पुस्तकात लिहिलं होतं, अठ्ठावीस दिवस. मी पुस्तकी मुलगी. दर अठ्ठावीस दिवसांनी मी घरात 'बाजूला' बसायला लागले. आमच्याकडे आई हे सगळं कडक पाळायची. मधल्या बोळात वेगळी चटई, वेगळं तांब्याभांडं, कुणाला शिवायचं नाही. मी चार दिवस तिथे बसायचे. घडीची कोरी फडकी काढून ती धुवायचे आणि परसात साडीखाली, पण कडा आईला दिसतील अशी वाळत घालायचे. स्वच्छ फडकी इतक्या मन लावून कुणी धुतली नसतील. कारखान्यातही त्या चार दिवसांत मागल्या पडवीत जाऊन बसायचे. कुणी विचारलं तर पोटात दुखतंय म्हणायचे. दुखणं कसं असतं ते इतरांच्या बोलण्यातून उचललेलं होतं. आज कंबर, उद्या ओटीपोट, परवा पिंढऱ्या. तिकीट न काढता गाडीत बसलेल्या माणसासारखी मी त्या बायकांच्या घोळक्यात अंग चोरून बसायचे.

का केलं एवढं? लग्न न झालेल्या मुलीची पाळी आली नाही तर गाव पहिली शंका कोणती घेतं, हे काय सांगायला हवं? शिवाय रोह्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा धाटावला कंपनीत होता, शिफ्टची नोकरी, घरचं बरं. पत्रिका जुळली होती. गणपती झाले की बघायला येणार होते. आई त्या विचाराने दिवसभर गुणगुणायची आणि मी तिची नजर चुकवत फिरायचे. आपल्यात काहीतरी मुळातच नासलंय आणि आपण ते रंग लावून देणार आहोत, असं मला वाटायचं.

मला पकडलं हिराबाईने.

हिराबाई धरमतरकडच्या खाडीकाठच्या गावची. मातीकामाला वीसेक वर्षं नानांकडे होती. पन्नाशीची, काळीसावळी, हातात मीठ घासून घासून रेषाच उरल्या नव्हत्या. लहानपणी मिठागरात राबलेली. तिची पाळी गेलेली, त्यामुळे ती पुढे बसू शकली असती, पण बसायची कायम मागच्या पडवीत. म्हणायची, "पुढं देव, मागं मानसं. मना मानसांत बरं वाटतं."

जेठ संपत आला होता. मी मागे बसून एका बालगणेशाचं पोट घासत होते. बाकीच्या दोघी चहा आणायला आत गेल्या, तशी हिराबाई माझ्याकडे सरकली.

"एक इचारू गो? रागवू नको."

"विचारा ना."

"तुजा कावळा मंगलवारीच कसा शिवतो?"

माझा हात थांबला.

"मी बगतंय कवापासनं. एकदा मंगलवार, दुसऱ्यांदा मंगलवार, आजबी मंगलवार. बाईचं असं नसतं गो. दोन दीस मागं, चार दीस पुढं. वीस वर्सं ह्या पडवीत बाया बगतंय मी. एकीचाबी वार कदी ठरलेला नाय. तू बाई हायस का पंचांग?"

अठ्ठावीस म्हणजे चार आठवडे, आणि चार आठवड्यांनी तोच वार येतो, हे बी.ए.ला बसलेल्या माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं झालं. मला एकदम हसू फुटलं आणि हसता हसता रडू. हिराबाईने मातीचा हात माझ्या पाठीवर ठेवला. ड्रेसवर पाच बोटं उमटली.

"कवाधरनं नाय?"

"सहा महिने."

तिने दुसरी कुठलीच शंका घेतली नाही. हे मी जन्मभर विसरणार नाही. ती म्हणाली, "माज्या भनीच्या पोरीचं अस्संच. तिनं लपवलान. लगीन झालं, तीन वर्सांनी सासरच्यांनी परत धाडली. मंग रोह्याला एक डॉक्टरीन गावली. आता दोन पोरी हायत तिला. पर ती तीन वर्सं कोन देनार? आयशीला सांग. आज सांग."

त्या दिवशी संध्याकाळी मी बोळातल्या चटईवर बसून आईला सांगितलं. ती उंबऱ्यापलीकडे तांदूळ निवडत होती. मी खाली बघून बोलत होते. खोट्या तारखा, कोरी फडकी, सगळं. बोलून झालं. आईने सूप बाजूला सारलं. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "कोण आहे?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तोंड भिंतीकडे फिरवलं. हिराबाई परकी, तिने विचारलं नाही. आणि माझ्या आईने विचारलं. पुढे दोन दिवस आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतंही बोललो नाही. ती माझ्याकडे बघायची आणि मी दुसरीकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने ठेवणीतलं लुगडं काढलं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "उद्या रोह्याला जायचंय. हिराबाईला विचारून आलेय पत्ता."

रोह्याला का, तर पेणमध्ये लग्नाच्या मुलीने बायकांच्या डॉक्टरची पायरी चढली तर ती पायरी उतरायच्या आत गावभर होतं. रोह्यात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. बघायला येणारं स्थळ रोह्याचंच आहे, हे गाडीत बसल्यावर आईच्या ध्यानात आलं. तिने लगेच डोक्यावर पदर घेतला, जणू सगळी सोयरीक समोरच्या बाकावर बसलीय.

ती गाडी सावकाश जायची. एकेरी रूळ, त्यामुळे समोरून गाडी यायची असली की कुठल्या तरी स्टेशनात थांबून राहायचं. त्या दिवशी कासूला थांबली. बाहेर भाताची लावणी चालली होती. बायका डोक्यावर इरली घेऊन ओणव्या, मध्ये मध्ये बगळे. डब्यात फारसं कुणी नव्हतं. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

"मी तसं विचारायला नको होतं," ती म्हणाली.

मी तिच्याकडे वळून बसले.

"हिराबाईला कळलं. आणि मी तुझी आई, एका घरात राहून, फडकी मोजत बसले. मला नाही कळलं." मग तिचा आवाज फुटला. "मला भीती वाटली गो. भीती वाटली की माणूस सगळ्यात वाईट तेच बोलतं."

मी तिचा हात धरला. गाडी अर्धा तास थांबली होती आणि आम्ही दोघी त्या अर्ध्या तासात डब्यातल्या शेंगवाल्याकडून शेंगा घेऊन खाल्ल्या. एवढा चांगला प्रवास मी पुढे फारसा केला नाही.

डॉक्टरीणबाई चष्म्यातून बघून हसणाऱ्या होत्या. त्यांच्याकडे सोनोग्राफीचं मशीन नवीनच आलं होतं. त्याच्यावर अजून हळदकुंकू होतं. पडद्यावर करडे ढग दिसत होते. "हे बघा," त्या आईला म्हणाल्या, "बीजकोशात बारीक बारीक गाठी दिसतायत."

गाठी म्हटल्यावर आई खाली स्टुलावर बसली.

"तसल्या गाठी नव्हेत हो. पाण्याचे थेंब म्हणा. दर महिन्याला एक बीज पिकून सुटायला हवं, हिची पिकायच्या आधीच थांबतात. कडेने माळेसारखी बसलीयत. पीसीओडी म्हणतात याला. पुष्कळ मुलींना असतं, कुणी बोलत नाही म्हणून वाटतं आपल्यालाच आहे."

मग माझ्याकडे वळून, "दिवसभर काय करतेस?"

"डोळे आखते."

"कुणाचे?"

"गणपतीचे."

त्या मोठ्याने हसल्या. "बसून?"

"मांडी घालून. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा."

"आणि खातेस काय?"

मी सांगितलं. पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, खारी, तळलेले पापड, मिरगुंडं. पेणमध्ये पापड खाऊ नको म्हणणं म्हणजे खाडीतल्या माशाला पोहू नको म्हणणं, तरी त्या म्हणाल्या. "हे बघ, तू काही पाप केलेलं नाहीस. घराण्यातून येतं थोडं, बसण्या-खाण्याने वाढतं थोडं, आणि का होतं ते पुरतं आम्हालाही ठाऊक नाही. पण गणपतीला बसणं शोभतं. तू चाल. रोज तासभर, भरभर. साखर कमी कर. वेळेवर झोप."

आईने शेवटी विचारलंच. "हिला मूल होईल ना?"

"बऱ्याच जणींना होतात. ते त्या वेळी बघू. आत्ता पाळी यायला हवी ती मुलासाठी नाही, हिच्या स्वतःसाठी." आणि मला म्हणाल्या, "या खेपेला गोळीने येईल. ती माझी. पुढची तुझी तू आण."

त्या गोळीने दहा-बारा दिवसांनी पाळी आली. मी मागल्या पडवीत गेले तशी हिराबाईने बोटं मोजली आणि म्हणाली, "सुक्रवार! आता कशी बाईसारकी वागलीस." पण ती डॉक्टरीणबाईंची होती. माझी यायची होती. त्या सबंध पावसाळ्यात मी एवढ्या एकाच गोष्टीची वाट बघितली.

चालायचं ठरलं खरं, पण कुठे? आज पोरी बूट घालून, कानात गाणी अडकवून फिरायला जातात. तेव्हाच्या पेणमध्ये कामाशिवाय चालणारी मुलगी ही गोष्टच नव्हती. चालायचं म्हणजे कुठेतरी जायचं. पहिल्याच दिवशी छत्री घेऊन निघाले तर कोपऱ्यापर्यंत जाईतो तीन जणींनी विचारलं, "कुठं निघालीस गो सकाळी सकाळी?" तिसरीला मी दूध आणायला म्हटलं आणि दूध घेऊन परत आले.

आईने तोडगा काढला. संध्याकाळी शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "बोललेय मी देवीला. गणपतीपर्यंत रोज पायी दर्शनाला पाठवीन मुलीला." देवीचं देऊळ नदीपलीकडे, गावाबाहेर. जाऊन येऊन बरोबर तासाचं. खोटं बोलायचं नाही हा आईचा बाणा होता, पण नवस ती खोट्यात धरत नव्हती.

आठवड्याभरात मला सोबत मिळाली. नवस म्हटल्यावर कोण मागे राहतं? एकीचा इंग्रजीचा पेपर सुटत नव्हता, एकीला बालवाडीत नोकरी हवी होती, एकीला काय हवं होतं ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्ही चौघी छत्र्या घेऊन पुलावरून जायचो. नदी फुगलेली, लाल. चपला हातात घ्यायच्या आणि चिखलातून पळायचं. पहिल्या दिवसांत मला धाप लागायची, मी झाड बघून थांबायचे. श्रावण अर्धा झाला तेव्हा त्या मला थांब म्हणायला लागल्या. इंग्रजीवाली पुढे ऑक्टोबरच्या परीक्षेला बसून सुटली आणि आईच्या पाया पडायला पेढे घेऊन आली. आई ओशाळली. मी तिच्याकडे बघितलं तर तिने पेढा तोंडात टाकला.

हनुवटीवरचे केस गेले नाहीत. काळा पट्टा थोडा फिकटला. आरशात बघून छाती फुलावी असं काही झालं नाही. पण एका सकाळी पुलावर वारा लागला आणि माझ्या ध्यानात आलं की ओढणी मी घरीच विसरून आलेय. गळा उघडा होता, समोरून माणसं येत होती, आणि मी मजेत चालत होते. शरीराशी माझं भांडण होतं ते मिटलं नव्हतं, पण निदान आम्ही एकमेकांशी बोलायला लागलो होतो.

श्रावणाच्या शेवटी पुन्हा रोह्याला गेलो तर दवाखान्यात बसायला जागा नाही. गणपतीत पाळी येऊ नये म्हणून पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायला बायका आल्या होत्या. "आमच्याकडे दीड दिवसाचा, पण गौरीपर्यंत काही नको व्हायला," "माझी तर बरोब्बर चतुर्थीलाच," असं चाललेलं. त्या सगळ्यांत मी एकटी पाळी यावी म्हणून आलेली. मला त्यांचा हेवा वाटला. नको म्हणायला आधी यावी लागते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबू या अजून. वजन उतरतंय. गोळीची घाई नको."

घरी आल्यावर तिने एक अंतर्देशीय पत्र काढलं आणि रोह्याच्या स्थळाला लिहायला बसली. मुलीला पाळीचा त्रास आहे, औषधपाणी चालू आहे, आपल्याला आधी कळलेलं बरं. लिहून मला वाचून दाखवलं. काकू तिथेच होत्या. म्हणजे माझ्या चुलत्यांची बायको, गौरीच्या तयारीला आलेल्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "हे हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सहा महिने झाकलेलीच होती मूठ," आई म्हणाली. "हिची नखं रुतली तिच्याच हाताला."

उत्तर आठ दिवसांत आलं. पत्रिका जुळत नाही. जी आधी जुळली होती तीच. आईने पत्र वाचलं, घडी करून डब्याखाली सारलं आणि मला म्हणाली, "तुला वाईट वाटलं का?" मला वाटलं होतं. तो मुलगा मी बघितलाही नव्हता, तरी वाटलं. नको म्हणवून घेणं कुणाला आवडतं? पण त्या रात्री मला गाढ झोप लागली. कुणाला फसवायचं नव्हतं आता.

पुढे माझं लग्न झालं का, मुलं झाली का, हे वाचणाऱ्याच्या जिभेवर आलं असेल. झालं. उशिरा, औषधं घेऊन, दोन्ही झालं. पण ज्यांचं होत नाही त्याही माझ्यासारख्याच धडधाकट बायका असतात, म्हणून त्या गोष्टीला मी इथे मखरात बसवत नाही. मला त्या पावसाळ्याबद्दलच बोलायचंय.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कारखाना रिकामा झाला. शेवटचा डोळा मी दुपारी आखला. पुढची खोली एकदम एवढी मोठी दिसायला लागली. हिराबाई जाताना म्हणाली, "आली का?" मी मान हलवली. नाही. "येल गो. गावाला येनारी पावनी सांगून येत नाय."

आमच्याकडे गौरी उभ्याच्या. मुखवटे, आईच्या लग्नातला शालू, दागिने. पूजेच्या आदल्या दिवशी गौर वाजतगाजत आली. पूजेच्या दिवशी आमच्याकडे घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो. सकाळी नऊची वेळ. आई ओल्या सोवळ्यात चुलीशी बसली होती, तव्यावर घावन, शेजारी नारळाच्या दुधाचं घाटलं रटरटतंय. काकू फुलांच्या माळा करत होत्या. मी न्हाणीघरातून बाहेर आले आणि तशीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

उन्हाळ्यापर्यंत सहा महिने मी हे वाक्य खोटं बोलले होते. किती सहज बोलायचे. त्या दिवशी तोंडातून फुटेना.

"आई, शिवू नकोस हं," मी म्हटलं. "मी बाजूला बसतेय."

आई वळली. हातात उलथनं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि एकच शब्द विचारला. "खरंच?"

"खरंच."

"गोळी?"

"नाही. गोळी नाही. आपली आपण."

आईने उलथनं खाली ठेवलं. उठली. एवढं सोवळंओवळं पाळणारी माझी आई, जी बोळातल्या तांब्याला बोट लागलं तरी ते राखेने घासायची, ती भर गौरीच्या दिवशी, नैवेद्य अर्धा झालेला असताना, तो उंबरा ओलांडून बाहेर आली आणि तिने मला घट्ट मिठीत घेतलं. तिचं ओलं लुगडं माझ्या कोरड्या कपड्यांना चिकटलं. मी म्हणत होते, "अगं आई, सोडशील का, शिवलीस ना," आणि तिला सोडत नव्हते.

मागून काकू किंचाळल्या. "अहो वहिनी! सोवळं! नैवेद्य आहे हातातला! आज गौर जेवायचीय!"

तव्यावरचं घावन करपलं होतं, त्याचा वास घरभर झाला. आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, पदराने माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"गौर माहेरी आलीय ना?" ती काकूंना म्हणाली. "मग ती थांबेल. तिला कळतं."

मग ती पुन्हा डोक्यावरून न्हाली, पीठ नवं कालवलं, घाटलं नवं शिजवलं, आणि त्या वर्षी आमच्या गौरी दीड वाजता जेवल्या.